दोन वॅनचा राउटर, आठ महिन्यांनंतर: एका शून्यासाठी दीड तारा कापला

पहिले दोन महिने मी दोन इंटरनेट लाइनी जोडता येणाऱ्या या राउटरचं कौतुक सांगत फिरलो. एक लाइन पडली की काही सेकंदांत दुसरीवर. मीटिंग जरा अडखळते, पुन्हा जोडली जाते. पाच तारे द्यायचं ठरलंच होतं.

मग दोन्ही लाइनींवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी आयपीव्ही४) सुरू केलं आणि रात्रीचा बॅकअप लटकायला लागला. ब्राउझर मात्र मजेत, म्हणून मी सर्व्हरला शिव्या घालत बसलो. ब्राउझर कसला मजेत! आयपीव्ही६कडून उत्तर येईना की तो पाव सेकंदात गुपचूप आयपीव्ही४चं दार ठोठावतो. बॅकअपला ही हुशारी नाही, तो टाइमआउटपर्यंत ताटकळतो.

आयपीव्ही४मध्ये नॅट, म्हणजे बाहेर जाताना घरातला पत्ता बदलून राउटरचा लावणं, सगळं झाकून घेतं. आयपीव्ही६मध्ये लॅपटॉपला दोन्ही कंपन्यांचे पत्ते मिळतात. कुठला लावायचा हे लॅपटॉप ठरवतो, कुठल्या लाइनने पाठवायचं हे राउटर, आणि दोघांची बोलाचाल नाही. एकीचा पत्ता लावलेलं पॅकेट दुसरीच्या लाइनवर गेलं की ती ते फेकून देते. यावरून कस्टमर केअरशी तीनदा भांडलो. तिन्ही वेळा उत्तर एकच: मोडेम बंद करून चालू करा. पुढे २००० सालचा आरएफसी २८२७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) वाचला. खोट्या सोर्स (पाठवणाऱ्याच्या) पत्त्याची पॅकेटं अडवा, असंच त्यात म्हटलंय. भांडण मागे घेतो.

सोर्स बघून राउटिंग करायची सोय राउटरमध्ये निघाली! तीन मेनू आत, मुळात बंद. टिक केली, निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं डोक्यात जातं. लाइन मेली तरी हा तिचा प्रीफिक्स (पत्त्याचा कंपनीने दिलेला सुरुवातीचा भाग) जाहीर करतच राहतो, प्रीफर्ड लाइफटाइम (नव्या कनेक्शनांसाठी तो पत्ता वापरायची मुदत) ६,०४,८०० सेकंद. म्हणजे सात दिवस! तिथे शून्य टाकलं असतं तर नवी कनेक्शनं लगेच दुसऱ्या पत्त्यावरून निघाली असती. फर्मवेअरचे दोन अपडेट आले. लॉगिन पानाचा रंग तेवढा बदलला.

एनपीटीव्ही६ही लावून पाहिलं: आत यूएलए (फक्त घरात चालणारे खासगी पत्ते), बाहेर जाताना प्रीफिक्स बदलायचा. पण पत्ता निवडायचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ६७२४च्या तक्त्यात यूएलएचं लेबल १३, बाहेरच्या आयपीव्ही६ पत्त्यांचं १; ती जुळत नाहीत, आयपीव्ही४ची जुळतात, आणि जुळणाऱ्या जोडीला पसंती. सगळी उपकरणं आयपीव्ही४वर पळाली. एवढा उपद्व्याप करून पुन्हा नॅटच्याच दारात.

स्वतःचा एएस नंबर आणि बीजीपी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांसारखं आपल्या पत्त्यांचा मार्ग आपणच जगाला सांगणं, माझ्या खिशाला झेपणारं नाही. शेवटी अडगळीतला एक छोटा कम्प्युटर-बोर्ड काढला. राउटर आता फक्त गेटवे सांगतो, प्रीफिक्स बोर्ड जाहीर करतो, आणि लाइन पडली की माझी स्क्रिप्ट ते शून्य टाकते. पाच आठवडे बॅकअप अडलेला नाही.

साडेतीन तारे. त्यातला अर्धा बोर्डाचा.