कंट्रोल आर्म ॲल्युमिनियमचा बरा की स्टीलचा?

ट्रक किंवा एसयूव्हीचा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) बदलायचा झाला की हा प्रश्न येतोच. ॲल्युमिनियमची घनता 2.7 आणि स्टीलची साधारण 7.8 ग्रॅम प्रति घन सेंमी, पण ॲल्युमिनियम ताठपणात स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून पार्ट जाडजूड करावा लागतो आणि वजन तिपटीने काही कमी होत नाही. तरी चाकाकडचं वजन घटतं, त्यामुळे खराब रस्त्यावर टायर जमीन धरून राहतो, हा फरक खरंच जाणवतो.

आता खरी गोची मार बसल्यावर. स्टीलचा आर्म दगडावर आपटला तर बहुतेक वेळा वाकतो, अलाइनमेंट बिघडते पण गाडी कशीबशी घरी येते, कास्ट (ओतीव) ॲल्युमिनियम मात्र फारसं न वाकता तडकू शकतं, आणि वाकलेला आर्म ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडूच नका, दोन्हींत नाही. ऑफरोड करणाऱ्यांनी सरळ स्टील घ्यावं असं माझं मत.

गंजाचं म्हणाल तर स्टील गंजतंच, ॲल्युमिनियम लाल गंजत नाही पण मीठ-पाण्यात स्टीलच्या बोल्टपाशी पांढरी भुकटी धरून जाम होतं.

आणि हो, ऑर्डर देण्याआधी गाडीतल्या जुन्या आर्मला चुंबक लावून बघा, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. एकाच मॉडेलमध्येही दोन्ही प्रकार येतात आणि बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडे जोडणारा फिरता सांधा) वेगळा असू शकतो.