प्रश्नावली, मुलाखत की मुक्काम?

लघुप्रबंधाचा विषय सकाळी मंजूर होतो आणि संध्याकाळपर्यंत गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. पद्धत निवडली असं कुणाला वाटतही नाही, फॉर्म सोपा असतो एवढंच. म्हणून एकच विषय घेऊन तिन्ही पद्धती, म्हणजे प्रश्नावली, मुलाखत आणि त्या लोकांतच मुक्काम करून पाहणं, त्याला लावून पाहू. विषय असा: पुण्याच्या पेठांमध्ये राहून एमपीएससी करणारी मुलं चार-पाच अटेम्प्ट हुकले तरी परत गावी का जात नाहीत?

प्रश्नावलीचं बळ ‘किती’ या शब्दात आहे. किती जण शेतकरी घरातले, किती जणांनी कर्ज काढलंय, महिन्याला मेस आणि कॉट मिळून किती जातात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेले ४०० जण असले आणि त्यातले ३० टक्के कर्जबाजारी निघाले, तर खरा आकडा साधारण २५ ते ३५ टक्क्यांत असेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. अडचण ‘यादृच्छिक’ या शब्दाची आहे. यादृच्छिक म्हणजे वाटेल तो भेटला त्याला विचारलं, असं नव्हे. प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी हवी, आणि त्यासाठी आधी यादी हवी. पेठांतल्या मुलांची यादी कुठून आणणार? मग अभ्यासिकांची यादी स्वतः फिरून करायची, चिठ्ठ्या टाकून काही निवडायच्या आणि तिथली दर दहावी खुर्ची घ्यायची. यात चूक थोडी वाढते, पण हिशेब निदान प्रामाणिक राहतो.

ग्रुपवर टाकलेला फॉर्म मात्र ज्याला वेळ आणि हौस आहे तोच भरतो. संख्या वाढवूनही हा दोष जात नाही. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता.

प्रश्न कसा विचारता यावरही उत्तर हलतं. केंद्र सरकार घरोघरी जाऊन करतं त्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२०००च्या फेरीत अन्नावरचा खर्च एकाच घराला गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा, असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. एका उत्तराने दुसऱ्याला ओढलं असा आक्षेप आला आणि देशातली गरिबी खरंच किती घटली, हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. तेव्हा ‘रोज किती तास अभ्यास करता?’ यापेक्षा ‘काल किती तास बसलात?’ हे बरं.

पण ‘परत का जात नाही’ याला चार पर्यायांचे गोल पुरत नाहीत. तिथे मुलाखत. पंधरा-वीस जण पुरतात, कारण टक्केवारी काढायचीच नसते. ‘का’ असं थेट विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. ‘सोडून द्यावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारलं की धाकट्या बहिणीचं लग्न, गावातल्या पारावरचे टोमणे, वडिलांनी विकलेली म्हैस, सगळं बाहेर येतं. जागाही बघा. अभ्यासिकेत मित्र शेजारी असताना कोणी हार कबूल करत नाही. चहाच्या टपरीपासून थोडं लांब उभं राहून करतो. खर्च वेळेचा: तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात. हे आधी कुणी सांगत नाही.

आणि माणूस बोलतो तसाच वागतो असं नाही. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत प्रवास केला. अडीचशे हॉटेलं-उपाहारगृहांपैकी एकानेच त्यांना नाकारलं. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांतले ९० टक्क्यांहून अधिक म्हणाले, चिनी ग्राहक घेणार नाही.

बोलणं आणि वागणं यांतलं हे अंतर मुक्काम केल्यावरच दिसतं. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. दिवसभर सोबत चालणारी, तेच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना तिथे खुपलं. ‘तुम्ही जात पाळता का?’ या प्रश्नावर टिकमार्क करून हे हाती लागलं नसतं. मुक्कामाचा धोका म्हणजे सगळा ऐवज तुमच्या वहीत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरात १९४८ साली राहून काम केलं. त्यावर वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये लावलेल्या आगीत जळाल्या. तिन्ही एकाच खोलीत होत्या! मग पुस्तक बरंचसं आठवणींवर उभं राहिलं. तुम्ही श्रीनिवास नाही, रोज रात्री वहीचे फोटो काढून ठेवा.

तुम्ही स्वतः परीक्षार्थी असाल तर अभ्यासिकेत शिरकाव फुकट मिळतो. पण जे तुम्हाला रोजचं आहे ते दिसेनासं होतं.

माझं मत विचाराल तर, एकटे असाल आणि हातात चार महिने असतील तर पहिले दोन आठवडे एकाच अभ्यासिकेत नुसतं बसा, मग पंधरा मुलाखती घ्या. प्रश्नावली चौघांनी मिळून करायची असेल तरच. निव्वळ आकडे हवे असतील तर राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ आकडेवारी मोफत मिळते, ती वापरा.

कोणतीही पद्धत घ्या, बसण्याआधी अभ्यासिकेच्या मालकाला आणि मुलांना आपण कोण ते सांगा. आणि पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यात कुणाच्या खुर्चीजवळ फिरकू नका.