ॲस्पार्टिक्स वापरून पाहिलं: फुकट आहे, पण प्रश्न जपून विचारा

सोसायटीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगवरून जुंपली आहे आणि सेक्रेटरी मी. म्हणून एकमेकांना खोडणाऱ्या मुद्द्यांतून कोणते एकत्र टिकतात हे शोधणारं, व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातलं ॲस्पार्टिक्स या घरच्या कामाला लावलं. हा खरं तर नियमांच्या फायलींचा संच. त्या नियमांवरून उत्तर शोधतो तो जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा क्लिंगो हा प्रोग्राम. दोन्ही फुकट. मुद्दे कोणते आणि कोण कोणाला खोडतं, एवढंच लिहून द्यायचं. मुद्दा शहाणपणाचा आहे की नाही, हे ते बघत नाही. ज्यावर हे उभं आहे, ती संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह झुंग यांची 1995ची मांडणीच तशी आहे.

आमचे मुद्दे चार. ‘कॉमन मीटरवरून द्या’ आणि ‘ज्याने त्याने आपल्या मीटरवरून घ्या’ हे एकमेकांना खोडतात. ‘बिलाचा हिशेब लागणार नाही, चार्जिंग नकोच’ याला दोघेही खोडतात. आणि हा नकोवाला ‘आत्ताच वायरिंगचं कोटेशन मागवा’ याला खोडतो.

‘ग्राउंडेड’ने (निर्विवाद टिकतात तेवढेच मुद्दे घेणारी पद्धत) विचारलं तर हाती भोपळा, प्रत्येक मुद्द्यावर कोणीतरी चालून आलेलंच. ही पद्धत कमालीची सावध, पण आकडेमोड सोपी. ‘प्रिफर्ड’ने (आपसात न भांडणारे, हल्ल्याला उत्तर देणारे आणि आणखी वाढवता न येणारे गट शोधणारी पद्धत) दोन गट दिले आणि दोन्हींत कोटेशन होतं! मीटर कोणाचाही असो, कोटेशन मागवायला हरकत नाही. सभेत हे कोणालाच सुचलं नव्हतं.

आता खोच. एखादा मुद्दा कुठल्या तरी प्रिफर्ड गटात बसतो का, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे ज्यांवर झटपट चालणारी रीत कोणालाच माहीत नाही अशा अवघड प्रश्नांपैकी. सगळ्याच गटांत बसतो का, हा त्याहून एक पायरी वरचा, कारण समोरचा गट खरंच प्रिफर्ड आहे की अजून वाढवता येईल, हे तपासणंही अवघडच. त्यात गटांची संख्या: एकमेकांना खोडणाऱ्या नुसत्या 20 जोड्या घेतल्या तरी 10,48,576 गट. क्लिंगो एरवी एकच उत्तर दाखवतो. आज्ञेत शून्य टाकलं की सगळी यादी, आणि मग बसा चहा पीत. एका मुद्द्याचाच निकाल हवा असेल तर यादीच्या वाटेला जाऊ नका.

नवख्यांनी ‘स्टेबल’लाही (बाहेरच्या प्रत्येक मुद्द्याला खोडणारा गट शोधणारी पद्धत) जपून हात लावावा. तीन मुद्दे गोल फिरून एकमेकांना खोडत असले आणि बाहेरून त्यांना कोणी खोडत नसलं, की स्टेबल गटच नसतो, आणि पडद्यावर ‘अनसॅटिस्फायेबल’, म्हणजे असा गट नाही, असं उमटतं. प्रोग्राम बिघडलेला नसतो. उत्तरच ते असतं.

बटणं नाहीत, रंगीत चित्रं नाहीत, काळ्या खिडकीत टाइप करायचं. शिकायला आणि छोट्या वादांना पाचपैकी चार तारे. हजारो मुद्द्यांचं जाळं असेल तर हेलसिंकीचं म्यू-टोक्सिया हा याच कामाचा प्रोग्राम बघा. असल्या प्रोग्रामांच्या 2019च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते गाजलं होतं.