रील बिग फिशचे अल्बम: अनेक महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीचच्या ‘रील बिग फिश’ या स्का-पंक (जमैकाचे स्का संगीत आणि वेगवान, आक्रमक पंक रॉक यांचे मिश्रण) बँडचे अल्बम मी गेले अनेक महिने प्रकाशनाच्या क्रमाने, पुन्हा पुन्हा ऐकत आहे. या बँडची ओळख विनोदी अशी आहे. विनोद मात्र ऐकून ऐकून पाठ होतो, आणि त्यानंतर गाण्यात काय उरते यावरच अशा बँडची खरी परीक्षा होते.

‘टर्न द रेडिओ ऑफ’ (१९९६) या परीक्षेला उतरतो, याचे श्रेय मुख्यतः दोन ट्रंपेट आणि दोन ट्रॉम्बोन यांच्या ताफ्याला आहे. जमैकात जन्मलेल्या स्काची खूण म्हणजे मात्रांच्या मधल्या जागी पडणारा गिटारचा तुटक आघात. गायक-गिटारवादक ॲरन बॅरेट कडव्यात तो जपतात आणि ध्रुवपदात पंकच्या भरीव आवाजाकडे झेपावतात. फास्ट फूडची नोकरी सोडून रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सही करण्याची थट्टा करणारे ‘सेल आउट’ हेच गाणे रेडिओवर गाजले, आणि बँडच्या पुढच्या लेखनावर त्या यशाची सावली राहिली.

माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम ‘व्हाय डू दे रॉक सो हार्ड?’ (१९९८) हे आहे. येथे ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्ये) दोन ओळींमधली जागा भरण्यापुरती येत नाहीत, तर गायकाला उत्तर देतात, त्याला अडवतात, कधी चाल स्वतःच पुढे नेतात. आणि बँडमधील ट्रंपेटवादक स्कॉट क्लॉपफेनस्टाइन यांचा दुसरा आवाज बॅरेट यांच्या तिरकस गायकीला जो गोडवा देतो, तो प्रत्येक फेरीत मला नव्याने जाणवला. हा अल्बम चांगल्या हेडफोनवरच ऐकावा.

‘चीअर अप!’ (२००२) मध्ये स्का कमी आणि पॉपकडे ओढा अधिक आहे. अनेकांना तो रुचत नाही. मला त्यातील मोकळेपणा आवडतो. २००५च्या ‘वुई आर नॉट हॅपी टिल यू आर नॉट हॅपी’मध्ये मात्र थट्टेची जागा कडवटपणा घेतो. ‘डोन्ट स्टार्ट अ बँड’ आणि ‘वन हिट वंडरफुल’ ही संगीतव्यवसायाने थकलेल्या माणसांची गाणी आहेत, आणि त्यांतील प्रामाणिकपणामुळेच मी या अल्बमकडे सर्वाधिक वेळा परतलो.

२००७च्या अल्बमात जुन्या गाण्यांचे पुनर्ध्वनिमुद्रण बरेच आहे, तर २००९चा अल्बम इतरांच्या गाण्यांचा आहे. दोन्ही एकदा ऐकणे पुरेसे ठरले. ‘कँडी कोटेड फ्युरी’ (२०१२) प्रेमभंगाच्या रागावर उभा आहे आणि त्यात वेग परततो, पण क्लॉपफेनस्टाइन तोवर बँडमधून गेले होते आणि त्यांच्या आवाजाची उणीव स्पष्ट भासते. सहा वर्षांनी आलेल्या ‘लाइफ सक्स... लेट्स डान्स!’मध्ये राग निवळलेला आहे, ब्रास पुन्हा मोकळा वाजतो, आणि सुरुवातीच्या काळातील उत्साह ज्यांना हवा आहे त्यांनी पहिल्या दोन मोठ्या अल्बमांनंतर थेट याच अल्बमाकडे यावे.