दात दुखत नसतानाही दाखवायला जावं असा दवाखाना (नौपाडा, ठाणे)

आमच्या घरात सगळ्यांचेच दात इथे बघतात, मी, नवरा, मुलगी आणि आता माझी आईपण, आणि हा रिव्ह्यू मला खास त्या लोकांसाठी लिहायचाय जे दाढ ठणकायला लागल्याशिवाय डेंटिस्टकडे फिरकत नाहीत. रूट कॅनल काय सगळीकडेच करून मिळतं, पण साधं चेकअप आणि क्लीनिंग इतकं मन लावून करणारे मी तरी फार बघितले नाहीयेत.

आधी आम्ही दुसरीकडे जायचो, नाव नाही घेत, तिथे पाच-दहा मिनिटं मशीन फिरवलं की झालं, आणि खुर्चीतून उठायच्या आत व्हाइटनिंगचं पॅकेज गळ्यात मारायला सुरुवात. इथे मॅडम आधी नुसतं बघतात. दातांचा नंबर नंतर, पहिले गाल आतून, जीभ उचलून तिच्याखाली, टाळू, सगळं. तंबाखू-सुपारी खाता का हे स्पष्ट विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, कारण तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात असू शकणारा आतला पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम बऱ्याचदा दुखत नाही आणि आपल्याला आरशात दिसतही नाही. मग बारीक खुणा असलेली एक सळई हिरडीच्या कडेने फिरवत असिस्टंटला आकडे सांगत जातात, दोन, तीन, दोन, पाच... हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, चार किंवा जास्त आला की हिरडी दातापासून सुटायला लागलीय समजायचं, तिथे ब्रश पोचतच नाही.

आईची केस सांगते. तिला डायबेटिस, त्यात कित्येक वर्षं मिश्री लावलेली, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की दात साफ केले की ढिले होतात. मॅडमनी वाद नाही घातला, तिच्या हातात आरसा दिला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. पिवळट तपकिरी किटणाची सलग भिंतच होती, दोन दातांमधली फटसुद्धा दिसत नव्हती! लाळेच्या ग्रंथी तिथे जवळच उघडतात ना, लाळेतलं कॅल्शियम दातावरच्या चिकट थरात बसत जातं आणि तो थर इतका टणक होतो की मग कितीही घासा, ब्रशने निघत नाही. "मावशी, हे काढल्यावर दात थोडे हलल्यासारखे वाटतील, पण हिरडी आणि हाड आधीच खाली गेलंय, किटणामुळे ते तुम्हाला कळत नव्हतं," असं त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे आई तयार झाली. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की शुगरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे तिच्या शुगरच्या डॉक्टरांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्लीनिंगचं मशीन दात खरवडत नाही, त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्याने किटण सुटतं, सोबत पाण्याचा फवारा चालू असतो. आवाज कानाला नकोसा वाटतो पण दुखलं की हात वर करा म्हणतात आणि हात वर केला की खरंच थांबतात. आईचं एका बैठकीत उरकलं नाही, दोनदा बोलावलं. नंतर काही दिवस गार पाण्याने दात सळसळले, ते होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे घाबरलो नाही. ब्रश करताना रोज थुंकीत रक्त दिसायचं ते आता बंद झालंय.

हत्यारांची पाकिटं आपल्यासमोर फोडतात, त्यावरची खूण रंग बदललेली असते म्हणजे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) झालंय, मला हे बघितलं की बरं वाटतं. माझ्या क्लीनिंगचे हजार रुपये घेतले. आणि सरसकट सहा महिन्यांनी या असं नाही, मला वर्षाने बोलावलंय, आईला तीन महिन्यांनी.

एकच तक्रार, दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, वयस्कर माणसांचे हाल होतात, पार्किंगही नाही. आईवडिलांना नेणार असाल तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते फोनवरच सांगून ठेवा.