त्याने सांगितलेलं बरंचसं खरं होतं

मार्च २०२१ मध्ये बाबांचा कोविडच्या लसीचा नंबर लागला आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही. वय ६७, सोबत जुना मधुमेह. अडवणारी मीच होते हे आधी सांगते, कारण भोळ्या माणसांचीच अशी फसगत होते असं कुणाला वाटायला नको. मी शोधनिबंधांचे दुवे उघडून वाचणारी बाई आहे. ज्याने मला फसवलं त्याला अशीच गिऱ्हाइकं हवी होती.

तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. लस नको, कोविडवर जुन्या स्वस्त गोळ्या पुरेत, असं त्याचं म्हणणं. कोविडच्या औषधांवरून ऑनलाइन वाद पेटलेले असायचे, त्यात त्याचा आवाज कधी चढायचा नाही. "ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा," म्हणायचा. मी तपासायचे आणि ते खरं निघायचं. आयव्हरमेक्टिन हे त्यातलं एक औषध; ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१५ चं नोबेल मिळालं होतं, हे खरं. २०२० मध्ये प्रयोगशाळेत याच औषधाने ४८ तासांत विषाणू जवळजवळ संपवला, हेही खरं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं जुनं औषध कोविडमध्ये धोक्याचं आहे असं सांगणारा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला मोठा अभ्यास दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची आकडेवारी कुणाला पडताळताच येईना. तेही खरंच.

जे तो सांगत नव्हता ते असं. नोबेल मिळालं ते जंतांमुळे होणाऱ्या रोगांवरच्या कामासाठी, म्हणजे रिव्हर ब्लाइंडनेस, हत्तीपाय वगैरे. प्रयोग झाला तो बशीत वाढवलेल्या पेशींवर, आणि त्यातली मात्रा एवढी मोठी होती की नेहमीच्या गोळ्यांनी माणसाच्या रक्तात तेवढं औषध पोचतच नाही. 'लॅन्सेट'चा तो निबंध बाद झाला म्हणून गोळी गुणकारी ठरत नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत साडेचार हजारांहून जास्त रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. जून २०२० मध्येच हे जाहीर झालं होतं. माझ्या वाचनात ते आलंही होतं. पण "स्वस्त, जुन्या औषधात कंपन्यांना कमाई नाही, म्हणून ती दाबतात" हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की उलट काही दिसलं की ते दाबणाऱ्यांचंच म्हणणं वाटायचं.

लसीबद्दलही तो सरसकट खोटं बोलायचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ॲस्ट्राझेनेकाच्या लसीचा रक्ताच्या गुठळ्यांच्या अतिशय विरळ प्रकाराशी संबंध असू शकतो, असं उघडपणे सांगितलं. त्याने ते लगेच पाठवलं आणि मी घाबरले. लसीचा तो दुष्परिणाम आपल्याला कळला, कारण कुणीतरी एकेक रुग्ण मोजत होतं. याच्या गोळ्यांनी कुणाला काय झालं, हे मोजणारं कोण आहे? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

आणि ती टिंगल. आयव्हरमेक्टिन जंतांवर जनावरांनाही देतात, म्हणून त्याचं नाव काढलं की लोक "घोड्याचं औषध" म्हणून हसायचे. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएनेसुद्धा त्या ऑगस्टमध्ये 'तुम्ही घोडा नाही, गाय नाही' अशा अर्थाचं ट्वीट केलं. माणसांना हे औषध दिलं जातं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे हसणारे अडाणी वाटले आणि मी आणखी हट्टाला पेटले. प्रत्येक भांडणानंतर त्याचा खासगी मेसेज यायचा, "ताई, तुम्ही एकट्या नाही." आज कळतं की तो त्या वादांमध्ये कोण दुखावलंय तेवढंच बघत फिरत असे.

तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन त्याने किट पाठवलं. गोळ्या, थेंब आणि डोसचा छापील तक्ता. अट एकच, लस घ्यायची नाही, "औषधाशी ती जुळत नाही." किट संपलं की पुन्हा तेवढेच पैसे.

जुलै २०२१ मध्ये, मृत्यू ९० टक्क्यांनी कमी होतात असं सांगणारा इजिप्तमधला आयव्हरमेक्टिनचा अभ्यास मागे घेतला गेला. त्यात रुग्णांच्या नोंदी जशाच्या तशा पुन्हा आल्या होत्या, काही जण तर अभ्यास सुरू होण्याआधीच दगावलेले होते. किटसोबतच्या कागदावर पहिला आधार याच अभ्यासाचा होता. मी विचारलं तर म्हणाला, "बघा, हाही दाबला." विरुद्ध बाजूचा निबंध मागे घेतला की तो लबाडीचा पुरावा, आपला घेतला की दडपशाहीचा. मी तिथेच थांबायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये बाबांना ताप आला. त्याने डोस दुप्पट करायला सांगितला. उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊ लागली, तोल जायला लागला, तर म्हणे "विषाणू बाहेर पडतोय, दवाखान्यात नेऊ नका." पाच दिवस मी ऐकलं. सहाव्या दिवशी बाबा न्हाणीघरात पडले. दवाखान्यात ऑक्सिजन ८४ भरला.

तिथे त्यांना ऑक्सिजनसोबत डेक्सामेथासोन दिलं. साठ वर्षांपूर्वीचं, कमालीचं स्वस्त औषध. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी होतात हे त्याच 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं आणि जगभर ते लगेच वापरात आलं. कुणी दाबलं नाही. बाबांच्या खाटेशेजारी बसून मी हे फोनवर वाचत होते, आणि "स्वस्त औषधं दाबतात" हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून तेव्हा गेलं.

मी त्याला कळवलं. "लस घेतलेल्या कुणाच्या संपर्कात आले होते का?" एवढं विचारून त्याने मला ब्लॉक केलं. घरी येऊन पाकिटं नीट पाहिली तर त्यावर उत्पादकाचं नाव नव्हतं, बॅच क्रमांक नव्हता, मुदतीची तारीख नव्हती. तक्त्याखाली छापलेला त्याचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या नोंदवहीत शोधला. तो सापडला नाही. दहा मिनिटांचं काम होतं. सहा महिने मी निबंध तपासत राहिले आणि विकणाऱ्याला एकदाही तपासलं नाही.

बाबा वाचले. त्यांनी नंतर लसही घेतली. जिना चढताना अजून मध्येच थांबतात.

पैशांपेक्षा मला जास्त लागतं ते दुसरंच. माझ्या शब्दावर अकरा जणांनी ते किट घेतलं होतं. मी प्रत्येकाला वरचं सगळं लिहून पाठवलं. चौघांनी उत्तर दिलं, दोघांनी संबंध तोडले. एकीने विचारलं, "माझ्याकडे अजून दोन पाकिटं आहेत, काय करू?" तिला मी तेच सांगितलं जे इथेही सांगते. एकही गोळी घेऊ नका, पण फेकूही नका. पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्याचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा, आणि औषध नियामक व पोलीस, दोन्हीकडे तक्रार द्या. मी दिली आहे. तिचे फोटो आले, तेही त्याच तक्रारीला जोडले.