टेस्ट प्रिंट न काढताच 'लॉजिक कार्ड गेलंय' म्हणणारा मेकॅनिक

लेझर प्रिंटर बघायला आलेल्या माणसाने एकही टेस्ट प्रिंट न काढता 'लॉजिक कार्ड (मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड) गेलंय' असं सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आम्हाला त्या एका वाक्याचे ४,८०० रुपये पडले. मशीनमधला चांगला माल गेला तो वेगळाच.

कराडला आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. जूनमध्ये उत्पन्नाचे, रहिवासाचे, नॉन-क्रिमीलेअरचे दाखले काढायला पोरांची आणि पालकांची झुंबड असते. नेमक्या त्या गर्दीत आमच्या जुन्या एचपी एम१००५ वर डाव्या बाजूला उभा पांढरट पट्टा यायला लागला आणि मशीन कागद उचलताना अडखळायला लागली. मी गावात नव्हतो. काउंटरवर वहिनी होत्या. त्यांनी मोबाइलवर सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. थोड्याच वेळात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण हजर. "ताई, आम्ही कंपनीकडूनच येतो." मागचं झाकण उघडून त्याने टॉर्च मारली, मान हलवली आणि निदान सांगितलं: लॉजिक कार्ड शॉर्ट आहे, शिवाय कार्ट्रिज पण संपलंय. "इथे होणार नाही, वर्कशॉपला न्यावी लागेल. नाहीतर उद्या पूर्ण बंद पडेल." बाहेर रांग उभी असताना हे ऐकल्यावर कोण नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी मशीन परत आली. पट्टा गेला होता. पैसे क्यूआर कोडवर घेतले, बिल 'व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणाला.

आठवडाही धड गेला नाही तोवर कागदाची पार्श्वभूमी करडी यायला लागली, आणि पानावर वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतराने तोच तो काळा ठिपका. त्याला फोन लावला तर आधी 'उद्या येतो', मग 'माणूस बाहेरगावी आहे', मग नंबर लागेनासाच झाला.

शेवटी बसस्टँडमागच्या जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी मशीन उघडलीच नाही. फूटपट्टी मागितली. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, ७५ मिलिमीटर. या मशीनला लागणाऱ्या १२ए कार्ट्रिजमधल्या ड्रमचा, म्हणजे ज्यावर आधी अक्षरं उमटतात त्या नळकांड्याचा, एक फेरा तेवढाच असतो, म्हणजे डाग ड्रमवर. कार्ट्रिज बाहेर काढलं तर कडेच्या पिना ठोकून आत सारलेल्या, भोवती ओरखडे, झडपेवर टोनरची, म्हणजे छपाईच्या शाईची, भुकटी. आमच्या मशीनमध्ये कंपनीचं, अर्ध्याहून कमी वापरलेलं कार्ट्रिज होतं. हे कुठलं तरी चारदा भरलेलं.

मग त्यांनी मशीनच्या मेनूतून रिपोर्ट्समध्ये जाऊन कॉन्फिगरेशन रिपोर्ट काढला. त्यावर छापलेला सिरियल नंबर एक, मशीनच्या मागच्या स्टिकरवर दुसराच! छापलेल्या पानांचा आकडाही आमच्या वापराशी कुठेच जुळेना. रिपोर्टवरचा नंबर कार्डातून येतो, म्हणजे आमचं चांगलं कार्ड काढून घेऊन भंगारातल्या मशीनचं बसवलं होतं. "अहो, कार्ड गेलं असतं तर डिस्प्लेवर 'रेडी' आलं असतं का? पांढऱ्या पट्ट्याचा आणि कार्डाचा काय संबंध?" काका चिडूनच म्हणाले. ते खरंच होतं. मशीन बिघडली तेव्हाही कॉम्प्युटरवरून छापत होती, झेरॉक्सही काढत होती.

उभा पांढरट पट्टा आला की आधी कार्ट्रिज काढून आडवं धरून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवायचं. पट्टा फिका झाला तर टोनर संपत आलाय किंवा एका बाजूला बसलाय, इतकंच. नाही झाला तर शेजारच्या दुकानातलं १२ए पाच मिनिटांसाठी उसनं आणा. त्यानेही पट्टा राहिला, तरच लेझरच्या काचेवर धूळ आहे का ते बघायची वेळ येते. कागद अडखळत असेल तर बहुधा कागद आत ओढणारा पिकअप रोलर कागदाच्या भुशाने गुळगुळीत झालेला असतो. मशीन बंद करून, किंचित ओलसर कापडाने पुसून कोरडा केला की पुन्हा पकडतो. आणखी एक परीक्षा काकांनी शिकवली: छपाई अर्ध्यात असताना झाकण उघडायचं, कार्ट्रिज काढून ड्रमची झडप जराशी उचलून बघायची. ड्रमवर अक्षरं स्वच्छ आहेत, पण छापून आलेल्या पानावर बोट फिरवलं की पुसली जातात, तर दोष फ्युजरचा, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाचा. फ्युजरमधल्या टेफ्लॉनसाठी पैसे मागणाऱ्याला हे करून दाखवायला लावा. ड्रम उजेडात फार वेळ ठेवू नका आणि फ्युजरला लगेच हात लावू नका, तो २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो.

त्या फुटक्या कार्ट्रिजने आतमध्ये सांडलेला टोनर साफ करायला मला अख्खी दुपार लागली. घरचा व्हॅक्युम क्लीनर यासाठी वापरू नये, भुकटी इतकी बारीक असते की फिल्टरमधून आरपार निघून खोलीभर होते. तोंडाने फुंकू तर अजिबात नये. कोरडं, धागे न सुटणारं कापड घ्यायचं. कपड्यांवर पडलं तर गार पाणी, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. खालचा काळा स्पंजासारखा रोलर बोटांनी चेपू नका, हाताचं तेल लागलं की छपाईत डाग येतात.

तक्रार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आणि ऑनलाइन पैसे गेल्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही. बिल नसल्यामुळे दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच आला, पावती कुठे आहे? वहिनींच्या मोबाइलमध्ये पेमेंटचा स्क्रीनशॉट होता, तेवढाच कामी आला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता दुकानात कॉन्फिगरेशन रिपोर्टचा ताजा कागद फाइलला लावलेला असतो, आणि कार्ट्रिजच्या बुडाशी मार्करने आमची खूण. कोणीही आलं तरी मशीन काउंटरवरच उघडायची, काढलेला भाग आमच्याकडेच ठेवायचा. कंपनीचा नंबर हवा असेल तर तो मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा नंबर बऱ्याचदा जाहिरातीचा असतो. आणि पिन टाकण्याआधी क्यूआरवर कोणाचं नाव येतंय ते वाचा. आमच्या वेळी सर्व्हिस सेंटरचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं होतं.